दोरवाल्या महादेवप्पाची मौनी अव्वा

…तर ठाणाकुशनूरचा तो माणूस मोटारसायकलीवर गाठोडं बांधायला चार हात दोरी घ्यायला आला होता आणि महादेवप्पानं त्याला तासभर बसवून घेतलं होतं, इथवर आपण काल आलो होतो. पुढचं ऐका. त्या तासाभरात महादेवप्पानं त्याच्या बापाची बैलजोडी आठवून काढली. बाप वेसणीला हात न लावता नुसत्या आवाजावर बैल कसे वळवायचा, ते गादीवरून उठून, हात वर करून, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं करून दाखवलं. त्या गड्याचे डोळे भरले. जाताना त्याच्या हातात दोन कासरे, एक वेसण आणि घुंगरांची माळ होती. घरी बैल सोडा, शेळीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याची बायको भांडत माल परत करायला आली. महादेवप्पानं तिला चहा पाजला, माहेरचं गाव विचारलं आणि त्या गावच्या तीन पिढ्या तिला ऐकवल्या. बाईनं कासरे परत केले नाहीतच, वर एक शिंकं घेऊन गेली. गाठोडं बांधायची दोरी मात्र नवरा-बायको दोघांपैकी कोणीच नेली नाही.

असा माणूस. कमलनगरच्या बाजारात, औरादच्या जीपा जिथं उभ्या राहतात त्याच्या समोर, त्याचं दोराचं दुकान. अंबाडीचे दोर, काथ्याचे दोर, आणि आता निळे-पिवळे नायलॉनचे. गावोगाव ट्रॅक्टर आले तशा दावणी रिकाम्या झाल्या. दोराला गिऱ्हाईक राहिलं नाही, पण महादेवप्पाच्या बोलण्याला होतं. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, अत्तरवाल्याशी दखनी, आणि औरादच्या पलीकडून येणाऱ्या म्हशीवाल्यांशी तुटकं तेलुगू. चारही भाषांत तो थांबत नसे. समोर रेवणसिद्धाचं पंक्चरचं दुकान होतं. तो म्हणायचा, "अण्णा, तुझ्या तोंडात हवा भरायचा पंप हाय. माझा कामून वापरू मी, तुझाच लावतो की टायराला."

आणि अशा माणसाची आई शेवटची नऊ वर्षं एक शब्द बोलली नव्हती.

सिद्धव्वा तिचं नाव. तरुणपणी तिच्या जिभेला घाबरून दुसऱ्या गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट बदलत, असं लोक सांगत. माहेर मंठाळचं. बांधावरून भावाशी तंटा झाला. भर उन्हात शेतात उभी राहून ती भावाला म्हणाली, "तुझं तोंड पुन्यांदा बघणार न्हाई." आठव्या दिवशी भाऊ गेला. आडाला पाणी काढताना छातीत कळ आली आणि तिथंच बसला. ही पोहोचली तेव्हा माती झालेली होती. तोंड खरंच बघायला मिळालं नाही. परत आली ती थेट दुकानात आली, मागच्या भिंतीला गोणपाटाची चौपदरी घडी टाकून बसली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. पाणी पाहिजे तर गोणपाटावर बोटानं एकदा टकटक, भाकरी पाहिजे तर दोनदा.

सुरुवातीला लोक हसले. वर्षभरानं हसायचे थांबले. तिसऱ्या वर्षी पाया पडायला लागले. मौनी अव्वा म्हणायचे तिला. कुणाचं लेकरू आजारी, कुणाची कोर्टाची तारीख, जाताना पाया पडून जायचे. सकाळी गळ्यातलं लिंग सोडवून ती डाव्या तळहातावर घ्यायची आणि त्याच्याकडं बघत बसायची. तासतास पापणी हलत नसे. बाजूनं जीप जावो, भांडण होवो, ती नजर तळहातावरून उठत नसे. ती गेली तेव्हा आपल्या लिंगायत रिवाजाप्रमाणं तिला बसवून माती दिली. तिच्या डाव्या तळहातावर लिंग महादेवप्पानं स्वतः ठेवलं. तो हात किती हलका झाला होता, हे तो पुढं कितीतरी दिवस सांगत होता. आई नऊ वर्षं आपल्याशी बोलली नाही, हे मात्र कधी सांगत नसे. पण ते त्याला लागून राहिलं होतं. जग त्याचं ऐकायचं, आणि ज्या एका माणसाच्या तोंडून ‘म्हादू’ ऐकायचं होतं ते माणूस तसंच गेलं.

अकरा महिन्यांनी त्याचा मुलगा सुनीलकुमार याला मुलगी झाली. पाळण्याच्या दिवशी आजोबानं कुणाला न विचारता नाव सांगून टाकलं, सिद्धव्वा. बाळाच्या गळ्यात लिंग बांधायला आलेले जंगम अय्या म्हणाले, "नाव चांगलं आहे. पण महादेवप्पा, आपल्यात गेलेलं माणूस परत येत नाही. ते लिंगात मिळालेलं असतं, ध्यानात ठेव." महादेवप्पा "व्हय अय्या" म्हणाला आणि अय्या जीपमध्ये बसून गेल्यावर पाळण्याजवळ जाऊन बाळाच्या पायावर डोकं ठेवलं. त्या दिवसापासून ती घरात अव्वा. नात म्हणून तिला कुणी हाक मारली नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की आजोबा तिच्या पाया पडून दुकानाची चावी उचलायचा.

आता घरातली माणसं बघा. सुनीलकुमार हैदराबादला एका कारखान्यात मशीनवर, महिन्यातून एकदा येणार. महादेवप्पाची बायको मल्लव्वा मुलाच्या लग्नाआधीच वारली होती. सून श्रीदेवी एका खाजगी शाळेत नर्सरीच्या वर्गाला शिकवायची. सकाळी आठला जीप, संध्याकाळी पाचला परत. दिवसभर परक्यांच्या तीस लेकरांना चिऊ-काऊ म्हणायला लावायचं आणि आपलं लेकरू सासऱ्याच्या दुकानात. दुसरा इलाजच नव्हता.

दहा महिन्यांचं रांगतं लेकरू आणि दोराचं दुकान. काथ्या तोंडात घालायची, लोंबते कासरे ओढायची. एकदा महादेवप्पा एका गिऱ्हाइकाला त्याच्या आत्याच्या लग्नातली फजिती सांगत होता आणि पोरगी पायरी उतरून रस्त्यावर गेली. औरादची जीप ब्रेक दाबत तिच्यापासून वीतभर अंतरावर उभी राहिली. ड्रायव्हरनं आईवरून शिव्या दिल्या. महादेवप्पा धावत जाऊन तिला उचलून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्यानं सुनीलकुमारचा जुना मोबाईल आणला, त्यात नाचणाऱ्या फळांची गाणी लावली आणि पोरीला मागच्या भिंतीला बसवलं. बसायला काही मऊ पाहिजे म्हणून माळ्यावरची गोणपाटाची घडी काढली. आईचीच.

पोरगी बसली. दुपारपर्यंत हलली नाही. आठ दिवसांत तिला बोट फिरवून गाणं बदलता यायला लागलं. मोबाईल डाव्या तळहातावर, उजव्या हाताचा अंगठा वर. नजर तळहातावर खिळलेली. एक दिवस महादेवप्पा दोराचं भेंडोळं उतरवून मागं वळला आणि जागीच थांबला. तीच भिंत. तेच गोणपाट. तोच डावा हात. तीच न हलणारी पापणी.

त्यानं रस्त्यापलीकडं हाक मारली. "रेवण्णा, हात धू अन् ये. येऊन बघ कोण बसलंय."

रेवणसिद्ध हात न धुताच आला. बघितलं. म्हणाला, "तुझी नात बसलीय."

"नीट बघ."

"नीटच बघायलोय. अण्णा, समद्या कमलनगरानं मोबाईल डाव्याच हातावर धरलाय. उजव्याचं बोट फिरवाय लागतंय न्हवं. मंग समद्याच्या आया माघारी आल्या म्हणायचं का?"

"तुला न्हाई कळायचं ते. मेंढरं राखणारी जात तुमची."

"मेंढरंच राखलोय, म्हणून सांगतो. पिल्लू वरडत नसलं तर आम्ही आधी त्याचं तोंड उघडून बघतो."

दोघं हसले. रेवणसिद्ध पुन्हा टायर सोलायला गेला. पण महादेवप्पाला आता गोष्ट मिळाली होती, आणि गोष्ट मिळाल्यावर तो ती ठेवून घेणाऱ्यांतला नव्हता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यानं ती सांगितली. ज्यांनी मौनी अव्वा बघितली होती, त्यांच्या अंगावर काटा यायचा. पोरगी दीड वर्षाची झाली, बोलत नव्हती. दोनची झाली, बोलत नव्हती. जसजशी बोलली नाही, तसतशी गोष्ट खरी होत गेली. बायका केळं, नारळ ठेवून पाया पडायला लागल्या. महादेवप्पा कुणाकडून पैसा घेत नसे, नारळ फोडून खोबरं वाटून टाकायचा. पोरगी मान वर करायची नाही. त्यालाही लोक म्हणायचे, "बघा, मागची अव्वा बी मान वर करत नव्हती."

अंगणवाडीची म्हाळसाबाई लेकरांची वजनं घेत फिरायची. ती एकदा दुकानात आली, पोरीच्या मागं उभी राहिली आणि तिनं तीनदा हाक मारली. मग टाळी वाजवली.

"अप्पा, लेकरू वळून बघंना झालंय. दोन वर्साचं लेकरू निदान पाणी तरी मागतंय की तोंडानं."

"म्हाळसाबाई, माझ्या आईला बघितलीस का न्हाई तू?"

"बघितले की. पाया पडले मी बी."

"मंग तिला कोण पाणी म्हणाय लावलं?"

म्हाळसाबाईनं हातातली वही मिटली. "अप्पा, ती सत्तर वर्सं बोलून गप बसली होती," एवढं म्हणाली आणि वजनाचा काटा उचलून पुढच्या घरी गेली. महादेवप्पानं हेही लोकांना हसत सांगितलं. सरकारची बाई, तिच्या वहीत मौनाचा रकाना नसतो, म्हणाला.

हैदराबादहून सुनीलकुमार मोबाईलवर दिसायचा. "अव्वा, पप्पाकडं बघ." पोरगी बघायची आणि अंगठा फिरवायची. बाप निघून जायचा, फळं नाचायला लागायची. घरात सगळे हसायचे. तिसऱ्या-चौथ्यांदा सुनीलकुमार हसला नाही. त्यानं रविवारचा फोन नुसत्या आवाजाचा करायला सुरुवात केली.

श्रीदेवी मात्र रोज तीस लेकरं बघत होती. तिच्या वर्गात तीन वर्षांची पोरं डबा कुणी खाल्ला याच्या चुगल्या करायची, बाईंची नक्कल करायची. घरी येऊन ती पोरीपुढं बसायची, तेव्हा पोरगी आईचं मनगट धरून तिचा हात मोबाईलवर नेऊन ठेवायची. चार्जिंग संपलं, असा त्याचा अर्थ. आई म्हणजे तेवढाच एक हात. आणि खरं सांगायचं तर जेवू घालताना श्रीदेवीही मोबाईलच लावायची. नाही तर पोरगी तोंड उघडत नसे, आणि दिवसभर उभं राहून आलेल्या बाईच्या अंगात घास घेऊन मागं फिरायचं त्राण नसे. हे तिला टोचत होतं, म्हणून ती बरेच दिवस गप्प बसली. तिसरा वाढदिवस झाल्यावर मात्र तिनं सासऱ्यापुढं विषय काढला.

"अप्पा, बिदरला दाखवून येऊ तिला. मला बरं वाटंना झालंय."

"काय दाखवायचं? खातीय, झोपतीय. आजवर ताप आला न्हाई."

"बोलंना झालीय, अप्पा."

"सुनील बी उशिराच बोल्ला. अन् हे मौन हाय श्रीदेवी. धरलेलं मौन माणसानं मोडू न्हाई. मोडलं तर कोण भोगायचं?"

"तीन वर्सांची हाय ती. कुणाशी भांडली न्हाई, कुणाला वंगाळ बोल्ली न्हाई. मौन कशाचं धरंल?"

महादेवप्पानं यावर गोष्टच सांगितली. मंठाळचा बांध, भावाची माती, नऊ वर्षं, सगळी. श्रीदेवी भांडी घासत ऐकत राहिली. पुढं ती रेटून काही बोलली नाही. दुकानात पोर सांभाळणारा सासरा नसता तर नोकरी नव्हती, आणि नोकरी नसती तर सुनीलकुमारच्या एकट्याच्या पगारावर दोन गावांची दोन बिऱ्हाडं चालत नव्हती. सुट्टीत बघू, असं तिनं मनाशी ठरवलं.

सुट्टी लागायला बारा दिवस होते, तेव्हा मंठाळहून गुरुशांतप्पा आला.

गुरुशांतप्पा म्हणजे सिद्धव्वाच्या त्या गेलेल्या भावाचा मुलगा, महादेवप्पाचा मामेभाऊ. बांधाच्या तंट्यापासून दोन्ही घरांत येणं-जाणं नव्हतं. आता मुलीचं लग्न काढलं होतं. पत्रिका घेऊन तो आपणहून दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. म्हणाला, "अण्णा, झालं गेलं मातीत गेलं. पोरीच्या मांडवाला तू पाहिजेस."

महादेवप्पाला काय करू आणि काय नको झालं. त्यानं त्याला गादीवर बसवलं, रेवणसिद्धाला चहा सांगायला लावला. मांडवाला दोर आपल्या दुकानाचा, तोही नायलॉनचा नाही, म्हणून मागच्या भिंतीजवळचं अंबाडीच्या दोराचं जुनं भेंडोळं त्यानं ओढून काढलं. दोन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. ते पोरीच्या गोणपाटाशेजारी टाकलं आणि तो भावाकडं वळून सांगायला लागला. "पत्रिका मला देऊ नको. जिला द्यायची ती तिथं बसलीय. तुझी आत्या."

आणि त्यानं गोष्ट सुरू केली. आजवर हजारदा सांगितली होती, पण ऐकायला तिच्या माहेरचं माणूस पहिल्यांदाच बसलं होतं. गुरुशांतप्पा हात जोडून ऐकत होता. गोष्ट मातीपर्यंत आली, तिच्या हातावर लिंग ठेवल्यापर्यंत आली, आणि मागून पोरगी किंचाळली.

मोबाईल बाजूला पडला होता. पोरगी पाय झाडत रडत होती. साडेतीन वर्षांत ती अशी कधी रडली नव्हती. दोघं भाऊ बघतच राहिले.

"वळखलं तुला," महादेवप्पा म्हणाला. "गुरुशांता, भावाचं रक्त वळखलं तिनं. रडू दे. आजवर रडली न्हाई ती, रडू दे."

गुरुशांतप्पा उठला, तिच्यापुढं गुडघ्यावर बसला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पोरीनं पाय ओढून घेतला आणि जास्तच मोठ्यानं ओरडली. त्यानं तो पुन्हा दोन्ही हातांत धरला. "आत्या, बापाला माफ कर," म्हणत तो रडायला लागला. महादेवप्पा रडत होता. रस्त्यावरची चार माणसं जमली, त्यांतल्या एका बाईनं पदर डोळ्याला लावला. बराच वेळ हे असंच चाललं. मग पोरीचा आवाज बसत गेला, तेव्हा महादेवप्पानं तिच्या डाव्या हातात मोबाईल ठेवला. "घे अव्वा. झालं आता. आलंय माहेरचं माणूस." तिनं धरला नाही. त्यानं आवाज वाढवून पुन्हा ठेवला. फळं नाचत असतानाच मोबाईल खाली पडला.

रेवणसिद्ध चहाचे ग्लास घेऊन आला तेव्हा माणसांच्या मधून त्यानं पोरगी बघितली. ती भिंतीला टेकली होती. केस घामानं चिकटलेले, ओठ निळसर, तोंडातून फेसासारखी लाळ. आणि ती उजव्या हाताचा अंगठा स्वतःच्या पावलावर फिरवत होती. वर, वर, पुन्हा वर. नको असलेलं गाणं ती जसं रोज घालवायची तसं. पाऊल सुजून लाल झालं होतं.

"अण्णा, पाय बघ तिचा."

त्यानं ग्लास खाली टाकले आणि भेंडोळं लाथेनं उलटलं. खालून तांबडा विंचू निघाला.

औरादच्या जीपवाल्यानं गिऱ्हाईक उतरवून गाडी फिरवली. कमलनगरच्या दवाखान्यात सुई दिली आणि तिथल्याच गाडीनं बिदरला पाठवलं. वाटभर पोरगी रेवणसिद्धाच्या मांडीवर गार पडत होती. महादेवप्पा समोर बसून तिचे तळवे चोळत होता. बिदरला डॉक्टरांनी विचारलं, "चावून किती वेळ झाला?"

"रडायला लागली तवा चावला आसंल."

"रडायला कधी लागली?"

त्यानं रेवणसिद्धाकडं बघितलं. रेवणसिद्धानं सांगितलं, अर्धा-पाऊण तास तरी झाला असेल. डॉक्टरांनी पडदा ओढून घेतला.

श्रीदेवी शाळेतून तशीच आली, हाताला खडू लागलेला. तिला कुणी काही सांगायच्या आत तिनं सासऱ्याला विचारलं, "लेकरू रडत होतं तवा तुम्ही काय करायलता?" आणि महादेवप्पानं तिला खरं ते सांगितलं. गोष्ट करून नाही सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. ती ऐकून झाल्यावर बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

पोरगी वाचली. चौथ्या दिवशी डोळे उघडून आढ्याकडं बघायला लागली. लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिला नाव विचारलं, खेळणं पुढं केलं, पाठीमागून चुटकी वाजवली, आणि मग विंचवाचं राहिलं बाजूला. कान तपासले. कान चांगले निघाले. कान चांगले आहेत म्हटल्यावर श्रीदेवीच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला पाहिजे होता, पण ती कागदाकडं बघून म्हणाली, "म्हणजे ऐकू येत होतं तिला, इतकी वर्सं." डॉक्टरांनी बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडं चिठ्ठी दिली आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. मोबाईल बंद म्हणजे बंद.

ते पंधरा दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. मोबाईल काढून घेतल्यावर पोरगी फरशीवर डोकं आपटायची. दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. श्रीदेवीनं शाळेला कळवलं, शाळेनं तिच्या जागी दुसरी बाई घेतली. पोरीला ती दुकानात पाठवत नव्हती. महादेवप्पालाही दुकानात जावंसं वाटत नव्हतं. गोणपाट त्यानं बाजारामागं नेऊन जाळून टाकलं आणि घरी येऊन पोरीपुढं बसला. डॉक्टरांनी बोला म्हणून सांगितलं होतं. बोलणं तर त्याच्या हातचा मळ. त्यानं तोंड उघडलं. "अव्वा," म्हणाला. पुढं काय म्हणायचं ते येईना. त्याच्याजवळ बैलांच्या गोष्टी होत्या, लग्नातल्या फजित्या होत्या, गावोगावच्या तीन-तीन पिढ्या होत्या. साडेतीन वर्षांच्या लेकराला सांगायचं असं एक वाक्य नव्हतं. त्यानं बैलांचीच गोष्ट सुरू केली, हात वर करून तो आवाज काढला. पोरीनं त्याचा वर गेलेला हात बघितला, तो रिकामा आहे हे बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

रेवणसिद्ध संध्याकाळी येऊन बसायचा. पूर्वीसारखं टोचून बोलत नव्हता, आणि तेच महादेवप्पाला सहन होत नव्हतं. "शिव्या दे की रेवण्णा," तो एकदा म्हणाला. रेवणसिद्ध म्हणाला, "काय दिऊ? दोन पावलांवर बसलोय मी रोज. मी बी दुसऱ्याची पोरगी म्हणून हसून सोडून दिलो."

मंठाळहून दोनदा फोन आला, आत्या कशी आहे म्हणून. दुसऱ्यांदा महादेवप्पानं सांगितलं, इथं कुणाची आत्या नाही, सुनीलची पोरगी आहे, बरी आहे. लग्नाला तो गेला नाही.

बिदरला जायच्या दिवशी श्रीदेवी म्हणाली, "अप्पा, तुम्ही नाही आलात तरी चालंल." सुनीलकुमार रजा काढून आला होता. पण महादेवप्पा धोतर बदलून आधीच दारात उभा होता. जीपमध्ये तो मागं बसला, वाटेत एका माणसानं "काय दोरवाले, आज गप?" म्हणून विचारलं, तर नुसती मान हलवली.

बोलायला शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, कन्नडमधून विचारायच्या, मधूनच मराठी बोलायच्या. खोलीत खाली चटई, रंगीत ठोकळे. पोरगी चटईवर बसली आणि एक ठोकळा डाव्या हातावर घेऊन त्याच्यावर अंगठा फिरवायला लागली. बाईंनी ते बघितलं आणि कागदावर लिहिलं. श्रीदेवीनं विचारलं, "येईल का बोलायला?" बाई म्हणाल्या, खोटी आशा दाखवत नाही. पहिल्या तीन वर्षांत जे कानावर पडायला पाहिजे होतं ते पडलेलं नाही. येईल, पण किती येईल आणि दुसरं काही कारण आहे का, ते वर्षभर काम केल्याशिवाय कळणार नाही. आठवड्यातून दोनदा यावं लागेल. सुनीलकुमारनं खाली बघत हिशेब केला, हैदराबाद सोडावं लागेल असा.

मग बाईंनी छापील कागद पुढं ओढला. घरात माणसं किती. मोबाईल रोज किती तास. श्रीदेवी सांगत होती, आवाज न चढवता, काही न लपवता. घरात भाषा कोणत्या? तिनं सासऱ्याकडं बघितलं. महादेवप्पानं चारही भाषांची नावं सांगितली. बाईंनी चारही नावांपुढं खूण केली आणि पेन वर न उचलता पुढचा प्रश्न विचारला, "दिवसभरात मुलीशी सगळ्यांत जास्त कोण बोलतं?"

श्रीदेवीनं सुनीलकुमारकडं बघितलं. सुनीलकुमारनं चटईकडं. पेन कागदावर थांबलं होतं. पोरगी ठोकळ्यावर अंगठा फिरवत होती. बाईंना वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी तोच प्रश्न मराठीतून विचारला. तेव्हा महादेवप्पा खुर्चीवरून उठला, खाली चटईच्या कडेला बसला आणि म्हणाला:

"बाई, खरं सांगतो. दिवसभर ती माझ्यापाशी होती अन् मी गिऱ्हाइकापाशी. तिच्याशी कोण बोल्लं न्हाई. आमी समदे निस्ते तिच्या पाया पडलो."